पंडिता रमाबाई आणि हाताची विद्या

आपल्या दौंड तालुक्यांतच, कुरकुंभाहून पुण्यास जाण्याच्या वाटेवर, केडगांव आहे. तेथील मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांचें संस्कृत पांडित्य सर्वांस ठाऊक आहे. परंतु हाताच्या कामास त्यांनीं दिलेला मान तितकासा ठाऊक नाहीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविलें, व त्या माउलीनें तीच विद्या मुलीस दिली. हें कुटुंब पुराणें सांगत देशभर फिरे. पुढें दुष्काळ पडला. जवळचें द्रव्य संपलें. हजारों श्लोक मुखोद्गत होते. पण घरांत कोणासही श्रमाचें एकही काम येत नव्हतें, आणि भीक मागणेंही जमेना. रमाबाईंच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास उपासमारीनें आईबाप गेले. वडील बहीणही गेली. हा घाव त्या कधींही विसरल्या नाहींत.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८२ सालीं लहान मुलगी पदरीं असतां त्यांस वैधव्य आलें. पुढील वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या, व १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं अमेरिकेस गेल्या. तेथें ही पंडिता पुन्हां विद्यार्थिनी झाली. जर्मन शिक्षक फ्रोबेल यांच्या बालशिक्षणपद्धतींत लांकडाचा गोल, लंबगोल नळा व घन मुलांच्या हातीं देतात. एका घनाचे आठ लहान घन करून ते पुन्हां जुळवावयास लावतात. हात प्रथम शिकतो, मग बुद्धि, हें त्यामागील तत्त्व. रंधा किती दाबावा हें कोणतेंही पुस्तक सांगूं शकत नाहीं. तें हातालाच कळतें.

११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों अनाथ मुली त्यांनीं आणल्या, व केडगांवीं त्यांस आश्रय दिला. त्यांस नुसतें अन्न व अक्षर देऊन त्या थांबल्या नाहींत. कोणी मागावर धोटा फेकूं लागली, कोणी घाण्यावर तेल काढूं लागली, कोणी शेतांत व गोठ्यांत राबूं लागली. छापखान्यांत मुली लांकडी खणांतून शिशाचे खिळे उचलून जुळवीत. खिळ्यावरील अक्षर उलटें असतें. काना, मात्रा, जोडाक्षर यांची एक चूक झाली तरी ओळ बिघडते. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्याच छापखान्यांत छापलें गेलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. पंडितेची विद्या व त्या मुलींचें हस्तकौशल्य त्यांत एकत्र आलें.

विद्यार्थिमित्रहो, करवत, पटाशी किंवा सुई हातीं घेतांना आपण विद्येहून खालचें कांहीं करीत आहों असें मानूं नका. आणि पालकहो, मुलगी असो वा मुलगा, त्याच्या दप्तराबरोबर त्याचे हातही पाहात चला. भुकेच्या दिवशीं श्लोक उपयोगीं पडले नाहींत, हें ज्या बाईनें भोगलें, तिनेंच पुढें शेंकडों मुलींच्या हातांस काम शिकविलें.