विश्लेषण : हॉलिवूडच्या राक्षसाचे अहमदनगर कनेक्शन! कोण होते बोरिस कार्लॉफ?

देवळाली कॅम्प : तोफखान्याचे गाव ही देवळाली कॅम्पची ओळख फाळणीनंतरची, स्कूल ऑफ आर्टिलरी येथे आल्यावरची. त्याच्या शंभरेक वर्षे आधी, 1845 च्या सुमारास, गुजरातेतील डीसा छावणीत तोफखान्याचा एक सार्जंट-मेजर होता, जेम्स मिलार्ड. त्याचा नातू पुढे हॉलिवूडचा सर्वात गाजलेला राक्षस झाला. बोरिस कार्लॉफ हे त्याचे पडद्यावरचे नाव.

अहमदनगरशी नाते कसे?

मिलार्डची बायको एलायझा ही ॲना लिओनोवेन्सची सख्खी बहीण. सयामच्या राजवाड्यात शिक्षिका असलेली, 'द किंग अँड आय'मधून जगाला माहीत झालेली तीच ही ॲना. तिचा जन्म 1831 मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) झाला. वडील साधे सार्जंट, तर आई मिश्र वंशाची असावी, असे अभ्यासक मानतात. ॲना मात्र आयुष्यभर आपला जन्म वेल्समधला सांगत राहिली.

पडद्यावर कसे आले?

कार्लॉफ यांचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनमध्ये, 23 नोव्हेंबर 1887 रोजी. वडीलही इंग्रज सरकारच्या भारतातील सेवेत होते. भावांप्रमाणे त्यांनीही सरकारी नोकरी धरावी, अशी घरच्यांची इच्छा होती. पण 1909 मध्ये त्यांनी थेट कॅनडा गाठले. मोलमजुरी केली, फिरत्या नाटक कंपन्यांत कामे केली. सावळ्या रंगामुळे मूकपटांत अरब किंवा रेड इंडियन अशाच भूमिका वाट्याला येत.

1931 मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' आला. मेकअपला रोज काही तास लागत. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसापुढे नाव नव्हते, फक्त प्रश्नचिन्ह होते! वयाच्या 44 व्या वर्षी ते स्टार झाले. पुढच्याच वर्षी 'द ममी' आला. कलाकारांना सेटवर तासन् तास राबवले जाई. त्याविरोधात 1933 मध्ये स्थापन झालेल्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्डच्या संस्थापकांत ते होते.

कॉमिक्सचा संबंध काय?

घरोघरी व्हिडिओ येण्याआधी थिएटरमधून उतरलेला चित्रपट पुन्हा पाहणे कठीण होते. ती भूक कॉमिक्सने भागवली. 1962-63 मध्ये डेल कंपनीने 'ममी', 'फ्रँकेन्स्टाइन' यांची कॉमिक्स काढली. नावे चित्रपटांची असली, तरी गोष्टी बऱ्याच अंशी नव्या होत्या. कार्लॉफ यांच्या 1963 मधील 'द रेव्हन'चेही कॉमिक आले.

गोल्ड की कंपनीने तर त्यांच्याच नावाने 'टेल्स ऑफ मिस्ट्री' ही रहस्यकथांची मालिका चालवली. मुखपृष्ठावर त्यांचा चेहरा आणि गोष्ट सांगणारेही तेच. 2 फेब्रुवारी 1969 रोजी, वयाच्या 81 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मालिका मात्र 1980 पर्यंत, 97 अंकांपर्यंत सुरू राहिली.

मग रहस्य कोणते उरले?

कार्लॉफ हे आईकडचे आडनाव असल्याचे ते सांगत. तसा पुरावा मिळालेला नाही. आईकडची खरी वाट मुंबई इलाख्यातील छावण्यांकडे जात होती. ॲनाच्या जन्माच्या नोंदी संशोधकांनी उकलल्या त्या 1970 च्या दशकात. तोवर कार्लॉफ हयात नव्हते. त्या वेळी कॉमिकच्या मुखपृष्ठावरून ते दर अंकात नवे रहस्य सांगत होते. घरातले रहस्य मात्र त्यांच्या हयातीत झाकलेलेच राहिले.