फाळक्यांची अंधारी खोली आणि क्षपणक

नंदाखालच्या आमच्या घरात आजीच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो आहे. भाची दहावीत आहे आणि ऑक्सिडक कोण, क्षपणक कोण यात तिचा हमखास गोंधळ होतो. (माझाही इंजिनिअरिंगपर्यंत व्हायचा.) तिला तो फोटो दाखवून दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली.

धुंडिराज गोविंद फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. जे. जे. स्कूल आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफीत रमले. गोध्र्याला स्टुडिओ काढला, पण प्लेगने पत्नी आणि मूल नेलं. छपाईचा धंदाही भागीदारांशी बिनसल्यामुळे सुटला. मग मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला (आमच्या गावात हे सांगितलं की लोक खूश होतात) आणि आपले देव पडद्यावर आणायचं वेड लागलं. त्या नादात डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. दृष्टी परतल्यावर विमा पॉलिसी गहाण ठेवून ते फेब्रुवारी 1912 मध्ये लंडनला गेले आणि तिथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा विकत घेतला.

दिवसभराचं शूटिंग संपलं की दादरच्या घरी खरं काम सुरू व्हायचं. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायच्या, ती डेव्हलप करायच्या. दागिनेही त्यांनी याच कामासाठी दिले होते.

फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडचे कण असतात. प्रकाश पडतो तिथे फक्त न दिसणारी खूण उमटते. त्या काळच्या डेव्हलपरमध्ये बहुधा हायड्रोक्विनोन असायचं. ते खूण असलेल्या कणांना इलेक्ट्रॉन देतं. सिल्व्हर +1 वरून 0 वर येतं, काळी धातुरूप चांदी होते. म्हणजे तिचं क्षपण झालं, म्हणून सिल्व्हर ब्रोमाइड ऑक्सिडक. इलेक्ट्रॉन गमावून हायड्रोक्विनोनचं क्विनोन होतं. त्याचं ऑक्सिडीकरण झालं, म्हणून ते क्षपणक. नाव उलटं वाटतं, कारण ते स्वतःचं काय झालं यावरून नाही, समोरच्याचं काय केलं यावरून पडतं. फिल्म डेव्हलपरमध्ये जास्त वेळ राहिली तर प्रकाश न पडलेले कणही काळे पडायला लागतात आणि दिवसाची मेहनत धुक्यात जाते. अंधारात हात चुकून चालायचं नाही.

पुढचा हायपो? भाचीने लगेच क्षपणक म्हटलं. चूक. हायपो उरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड फक्त विरघळवतो. सिल्व्हर +1 च राहतं, म्हणजे इथे ऑक्सिडक नाही आणि क्षपणकही नाही. परीक्षेत असे फसवे प्रश्न येतात, आधी संख्या बदलली का ते बघायचं.

3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळके 1944 साली नाशिकला गेले.

आजीच्या फोटोच्या कडा मात्र तपकिरी पडल्यात. दमट हवेत चांदी हळूहळू इलेक्ट्रॉन गमावते, 0 वरून पुन्हा +1 होते. आता क्षपणक कोण, हे भाचीने न विचारता सांगितलं: चांदी.