खिळ्यांच्या यंत्राचा जनक : शंकर आबाजी भिसे

भारताचे एडिसन या बिरुदाने एके काळी ओळखले गेलेले शंकर आबाजी भिसे यांचे नाव आज पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. मुंबईत जन्मलेल्या, खानदेशात वाढलेल्या आणि लंडन-न्यूयॉर्कमध्ये झगडलेल्या या मराठी संशोधकाच्या नावावर सुमारे दोनशे शोध आणि चाळीसच्या आसपास पेटंटे सांगितली जातात. ही संख्या मोठी असली तरी भिसे यांच्या आयुष्याचे खरे मर्म तिच्यात नाही. पेटंट हाती आल्यावरही शोध जगेलच असे नसते, हे त्यांच्या इतके तीव्रतेने फार थोड्यांनी अनुभवले असेल.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी झाला. बालपणाचा काही काळ जळगावात गेला. अजिंठ्याचा डोंगर उतरला की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला लागून असलेला हा मुलूख तेव्हा कापसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होता. यंत्रशास्त्राचे शिक्षण मात्र तेथे नव्हते. तरीही वयाच्या चौदाव्या वर्षी या मुलाने घरातल्या घरात कोळशापासून वायू तयार करण्याचे लहानसे उपकरण उभे केले. पुढे मुंबईत सरकारी कचेरीत नोकरी करीत त्यांनी आपला नाद जोपासला. विज्ञानाची गोडी असलेल्या मंडळींना एकत्र आणणारी संस्था काढली आणि मराठीत शास्त्रीय विषयांचे मासिकही चालविले.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती १८९७ साली. साखर, पीठ यांसारखा माल आपोआप तोलून ठरावीक वजनात बाहेर टाकणारे यंत्र कोण सुचवितो, अशी स्पर्धा लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकाने जाहीर केली होती. इंग्लंडमधील कारखान्यांत वावरणाऱ्या स्पर्धकांना मागे टाकून मुंबईच्या या कारकुनाचा आराखडा पहिला आला. त्यानंतर दिनशा वाच्छा यांचे परिचयपत्र घेऊन भिसे लंडनला दादाभाई नौरोजी यांच्याकडे गेले. देशाची संपत्ती परदेशी कशी वाहून जाते याचा हिशेब मांडणाऱ्या दादाभाईंना या तरुणाच्या बुद्धीत वेगळीच संपत्ती दिसली. त्यांनी पैशाची आणि ओळखींची मदत केली. विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी, स्वयंपाकघरातील उपकरणे अशा अनेक वस्तू भिसे यांनी या काळात घडविल्या. पण त्यांचे मन गुंतले ते छपाईच्या खिळ्यांत.

शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतून अक्षराचा खिळा तयार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कामात दोन यंत्रांचे राज्य सुरू झाले होते. मर्गेनथालर यांचे लायनोटाइप अख्खी ओळ एकसंध ओतीत असे, तर लॅन्स्टन यांचे मोनोटाइप एकेक खिळा स्वतंत्र ओतीत असे. मोनोटाइपचा वेग मिनिटाला दीडशे खिळ्यांच्या आसपास होता. भिसे यांनी अनेक खिळे एकाच वेळी ओतून जुळविणारी रचना बसविली आणि तिला भिसोटाइप हे नाव दिले. मिनिटाला बाराशे खिळे पाडण्याचा त्यांचा दावा होता. तो प्रस्थापित यंत्रांना थेट आव्हान देणारा असल्यामुळे जाणकारांमध्ये कुतूहल आणि अविश्वास दोन्ही निर्माण झाले.

येथे पेटंटचे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. खिळे ओतण्याची कल्पना भिसे यांची नव्हती. साचा, मिश्रधातू, भट्टी हे सारे जुनेच होते. पेटंट मिळते ते जुन्या घटकांची अशी नवी जुळणी केल्याबद्दल, की जी त्या धंद्यातील जाणत्या माणसालाही सहज सुचली नसती. ही रेषा किती पुसट असते, याचे उदाहरण त्याच काळात लंडनमध्ये घडत होते. अमेरिकेतील कोबर्न हॅस्केल यांनी रबराच्या गाभ्यावर ताणलेला रबरी धागा गुंडाळून वर कवच चढविलेला गोल्फचा चेंडू काढला आणि १८९९ साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळविले. एकजिनसी गटापर्चाच्या चेंडूपेक्षा तो पुष्कळ लांब जात असे. इंग्लंडमध्ये मात्र त्याविरुद्ध खटला उभा राहिला. रबराचा धागा गुंडाळून चेंडू करण्याची रीत आपल्याकडे पूर्वीपासूनच होती, अशा साक्षी झाल्या. ते पेटंट टिकले नाही आणि १९०८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनेही तोच निकाल कायम केला. वस्तू उत्तम आहे एवढ्याने भागत नाही, ती नवी असावी लागते, असा त्याचा अर्थ होता.

भिसे यांची अडचण नेमकी उलट होती. त्यांच्या रचनेचे नावीन्य मान्य होत होते, पण ती कारखान्यात उतरविण्यासाठी लागणारे भांडवल उभे राहत नव्हते. पेटंट हा कायमचा हक्क नसतो. त्या काळी ब्रिटनमध्ये त्याची मुदत चौदा वर्षांची होती, ते जिवंत ठेवण्यासाठी वेळोवेळी शुल्क भरावे लागे आणि प्रत्येक देशात स्वतंत्र नोंदणी करावी लागे. यंत्र कारखान्याबाहेर पडो वा न पडो, मुदतीचे दिवस मात्र सरतच असतात. दादाभाईंचे स्नेही, ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हिंडमन यांनी भांडवल जमविण्याचे आश्वासन दिले. पण १९०८ अखेर ती रक्कम उभी राहिली नाही. हताश भिसे यांनी लंडनमधील काम आवरते घेतले आणि मायदेशाची वाट धरली.

परतीच्या प्रवासात बोटीवर त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखल्यांनी हा माणूस वाया जाऊ नये म्हणून रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. जमशेटजींचे हे धाकटे पुत्र सढळ हाताचे होते. १९१० साली टाटा आणि भिसे यांच्या नावाने शोधांचा मंडळवजा उपक्रम लंडनमध्ये सुरू झाला. भिसे यांनी जुना आराखडा सोपा करून सुटे खिळे पाडणारे नवे यंत्र तयार केले. दुर्दैवाने १९१४ साली महायुद्ध पेटले. पुढच्या वर्षी टाटांनी अंग काढून घेतले. त्याच वर्षी गोखले गेले. १९१७ साली दादाभाई आणि १९१८ साली रतन टाटाही निवर्तले. अवघ्या काही वर्षांत भिसे यांचे तिन्ही आधारस्तंभ कोसळले.

या आघाताने खचून न जाता १९१६ साली भिसे न्यूयॉर्कला गेले. तेथे त्यांनी यंत्रात आणखी सुधारणा केल्या आणि १९२०च्या सुमारास स्वतःच्या नावाची कंपनी काढली. यंत्र तयार झाले, वाखाणलेही गेले. परंतु तोवर लायनोटाइप आणि मोनोटाइप जगभरच्या छापखान्यांत घट्ट रुजले होते. छापखान्याच्या मालकाला केवळ वेगवान यंत्र नको असते. सुटे भाग, दुरुस्ती, शिकलेले कामगार अशी सारी व्यवस्था त्याला हवी असते. ती उभारण्याचे बळ एकट्या संशोधकाकडे नव्हते.

उत्तरायुष्यात त्यांना नाव मिळवून दिले ते एका औषधी द्रावणाने. आयोडिनपासून तयार केलेल्या या द्रावणाला पुढे ॲटमिडीन हे नाव मिळाले आणि अमेरिकेत त्याचा बराच प्रसार झाला. येथेही प्रश्न जुन्या घटकाच्या नव्या रूपाचाच होता. आयोडिन हे मूलद्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच सापडलेले. त्यावर कोणाचीही मालकी असू शकत नाही. मालकी सांगता येते ती त्यापासून विशिष्ट गुणाचा पदार्थ घडविण्याच्या कृतीवर. धातूच्या यंत्रापासून औषधी द्रावणापर्यंत भिसे यांची बुद्धी याच एका वाटेने चालत राहिली. १९३० साली त्यांची थॉमस एडिसन यांच्याशी भेट झाली, तेव्हा दोघेही आयुष्याच्या उतारावर होते. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच भिसे यांचे निधन झाले.

एडिसन यांच्याशी त्यांची तुलना गौरवाची असली तरी ती पुरती न्याय्य नाही. एडिसन यांच्या पाठीशी प्रयोगशाळा, सावकार, वकील आणि विस्तारणारी देशी बाजारपेठ होती. भिसे यांना दर टप्प्यावर कोणाच्या तरी परिचयपत्रावर विसंबावे लागले. त्या परिचयपत्रांमागे काँग्रेसच्या पहिल्या पिढीचे तीन दिग्गज उभे राहिले, ही गोष्ट मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. राजकीय हक्कांइतकेच देशी बुद्धीला यश मिळणे त्यांना मोलाचे वाटत होते.

पेटंटच्या पुसट रेषेचा प्रश्न आजही सुटलेला नाही. गाभा, मधला थर आणि कवच अशा अनेक थरांच्या आधुनिक गोल्फ चेंडूवरून कॅलवे कंपनीने २००६ साली अकुशनेट कंपनीला अमेरिकेच्या न्यायालयात खेचले. ठाऊक असलेली द्रव्ये एकावर एक चढविणे हा शोध की निव्वळ जुळवाजुळव, हाच वादाचा मुद्दा होता. त्याच पेटंटांविषयी २००७ साली एका ज्यूरीने दिलेला कौल अपिलात टिकला नाही आणि २०१० साली दुसऱ्या ज्यूरीने नेमका उलट निर्णय दिला.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा परिसरात वाहनांचे सुटे भाग, साचे आणि औषधे घडविणारे लहानमोठे उद्योजक आहेत. यंत्रात सुचलेली एखादी सुधारणा पेटंटयोग्य आहे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढेही येतो. भारतात आज पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षांची आहे. भिसे यांना मिळालेल्या मुदतीपेक्षा ती सहा वर्षांनी अधिक आहे. पण अर्ज दाखल होताच ती सरू लागते, हा नियम तसाच आहे. नोंदणीच्या दिवशीच भांडवलाची आणि कारखान्याची तजवीज नसेल, तर उत्तम शोधाचीही गत काय होते, हे अजिंठ्यापलीकडच्या जळगावात वाढलेल्या या माणसाच्या चरित्रात स्पष्ट दिसते.