वाल्टर नर्न्स्ट : दिव्यातून निघालेला इंधनघट

एखाद्या शोधाचे आयुष्य किती, हे त्याच्या जन्मकाळी कोणास सांगता येते? जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नर्न्स्ट यांचा विजेचा दिवा बाजारातून केव्हाच नाहीसा झाला; त्या दिव्याचे द्रव्य मात्र आज दुसऱ्याच कामास लागले आहे.

नर्न्स्ट यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी तेव्हाच्या पश्चिम प्रशियातील ब्रिझेन या गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. १८८७ मध्ये वुर्ट्सबुर्ग येथे डॉक्टरची पदवी मिळवून ते लाइपझिग येथे ओस्टवाल्ड यांच्या हाताखाली काम करू लागले. १८८९ मध्ये त्यांनी विद्युत्‌घटाचा दाब व त्यातील पदार्थांचे प्रमाण यांचा संबंध दाखविणारे समीकरण मांडले.

पुढे ग्योटिंगेन येथे प्राध्यापक असताना त्यांनी झिर्कोनियमच्या ऑक्साइडात यिट्रियमचे ऑक्साइड मिसळून एक कांडी तयार केली. थंड असता ती वीज वाहू देत नसे. तापविताच तिच्यातून प्राणवायूचे विद्युत्‌भारित कण सरकू लागत आणि ती शुभ्र तेजाने झळके. या दिव्याचे हक्क विकून त्यांस सुमारे दहा लक्ष मार्क मिळाले. परंतु दर वेळी कांडी आधी तापविणे भाग होते. धातूच्या तारेचे सोपे दिवे निघाले आणि हा दिवा मागे पडला.

नर्न्स्ट यांची कीर्ती मात्र वाढत गेली. १९०५ मध्ये ते बर्लिनला गेले. उष्णताशास्त्रातील कार्याबद्दल त्यांस १९२० चे नोबेल पारितोषिक लाभले. पण घरावर दुःख कोसळले होते : पहिल्या महायुद्धात त्यांचे दोन्ही पुत्र कामी आले. १९३३ मध्ये नाझी राजवट आली. दोन मुलींचे पती ज्यू असल्याने त्या कुटुंबांना देश सोडावा लागला. ही राजवट न रुचलेले नर्न्स्ट आपल्या खेड्यातील शेतवाडीवर जाऊन राहिले. तेथेच १८ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यापूर्वीच, १९३७ मध्ये, झुरिच येथे बाउर व प्राइस यांनी त्याच द्रव्याच्या एका बाजूस इंधनवायू व दुसऱ्या बाजूस हवा ठेवून वीज मिळविली होती. असे इंधनघट सुमारे ६०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानास चालतात. कोणत्या वायूपासून किती वीज मिळेल, याचे गणित आजचे अभियंते नर्न्स्ट यांच्या समीकरणापासूनच सुरू करतात. हायड्रोजन खर्ची पडून वाफ वाढली की विजेचा दाब उतरतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होऊ लागला की तेच घडते. मिथेनचे आधी वाफेच्या साहाय्याने या दोन वायूंत रूपांतर करावे लागते. वाफ कमी पडली तर कार्बन साचून घट निकामी होतो. समीकरणाने आलेल्या दाबातून घटातील अडथळ्यांची वजावट केली की प्रत्यक्ष मिळणारा दाब कळतो.

बाजाराने ज्या कांडीस निरुपयोगी ठरविले, तिचेच द्रव्य असे विद्येच्या कामी आले. प्रयोग फसला म्हणून वही फेकून देणाऱ्या विद्यार्थ्याने नर्न्स्ट यांचा हा विझलेला दिवा स्मरणात ठेवावा.