एडिसन आणि लांबचा पल्ला

बी. कॉम. द्वितीय वर्ष

गेल्या सुट्टीत मामांच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीतून आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला गेलो. उतरताना बॅटरी इतकी कमी खर्च झाली की मामा खूष झाले. परत येताना तोच घाट, तीच मोटार आणि तीच माणसे. पण बॅटरीचा काटा डोळ्यांदेखत खाली येऊ लागला. मामांनी वातानुकूलन बंद केले, वेग कमी केला, तेव्हा कुठे आम्ही घरी पोचलो. जाहिरातीतील आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतील हे अंतर मनात घोळत असतानाच ग्रंथालयात थॉमस अल्वा एडिसनचे चरित्र हाती लागले. दिव्याचा शोध लावणारा एडिसन आपण शाळेत वाचतो. पण याच एडिसनने आयुष्यातील दहा वर्षे विजेच्या मोटारीचा पल्ला वाढवण्यासाठी वेचली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

एडिसनचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मिलान या गावी झाला. शाळेत तो काही महिनेच गेला. आई नॅन्सी शिक्षिका होती, तिनेच त्याला घरी शिकवले. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. गाडीतल्या सामानाच्या डब्यातच त्याने आपली छोटी प्रयोगशाळा मांडली होती. कानाने तो लहानपणापासूनच अधू होता. पुढे तो तारायंत्र चालवण्याचे काम शिकला. त्या काळी तारायंत्रे बॅटरीवर चालत, त्यामुळे बॅटरीचे गुणदोष त्याला कोवळ्या वयातच परिचयाचे झाले.

त्याचे पहिले पेटंट 1869 मधले, मते नोंदवणाऱ्या यंत्राचे. यंत्र उत्तम होते, पण ते कोणालाच नको होते. गिऱ्हाईक नसलेल्या वस्तूवर श्रम खर्च करायचे नाहीत, हा धडा तो तेथे शिकला. 1876 मध्ये त्याने मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभारली. 1877 मध्ये फोनोग्राफ, 1879 मध्ये टिकाऊ दिवा आणि 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र, अशी यशाची रांगच लागली. तो चुकतही असे. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला त्याने हट्टाने विरोध केला आणि त्या वादात तो हरला.

1899 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तो मोटारीच्या बॅटरीकडे वळला. या वेळी गिऱ्हाईक होते. 1900 मध्ये अमेरिकेत 4,192 मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी 1,681 वाफेवर, 1,575 विजेवर आणि अवघ्या 936 पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलची मोटार आवाज करी, धूर सोडी आणि हँडल मारून सुरू करावी लागे. विजेची मोटार शांत आणि स्वच्छ होती. अडचण एकच, ती म्हणजे पल्ला. 1859 मध्ये प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेली शिशाची बॅटरी फार जड होती. बैलगाडीत बैलांचाच कडबा भरला तर माल कोठे ठेवायचा? तशीच या मोटारीची गत होती. पल्ला वाढवण्यासाठी बॅटरी वाढवावी, तर त्या वाढलेल्या वजनालाच वीज खर्ची पडे.

एडिसनने शिसे आणि आम्ल दोन्ही सोडायचे ठरवले. हजारो प्रयोगांनंतर निकेल आणि लोखंड ही जोडी आणि त्यांच्यामध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, अशी रचना त्याने पक्की केली. स्वीडनमध्ये युंगनर हा संशोधकही त्याच सुमारास अशाच वाटेने चालला होता. 1901 मध्ये एडिसनने बॅटरीची कंपनी काढली. वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला. आता मोटारीचा प्रश्न सुटला, असे लोकांना वाटू लागले. बॅटरी बाजारात आली, मोटारींत बसली, आणि मग तक्रारी सुरू झाल्या. डबे झिरपू लागले, बॅटरीची क्षमता घटू लागली.

मला एडिसन खरा मोठा वाटतो तो येथे. माल खपत होता, नाव मोठे होते, सबबी सांगता आल्या असत्या. पण त्याने उत्पादन थांबवले, बिघडलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागला. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पत हा शब्द पुस्तकात वाचतो. एडिसनने ती पदरमोड करून सांभाळली. मात्र यातला दुसरा धडाही विसरता येत नाही. आधी आकडा जाहीर करून नंतर वस्तू घडवायला गेल्यानेच ही पाळी त्याच्यावर आली होती.

पुढची पाच वर्षे त्याने निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे वापरून पाहिले, डब्यांची रचना बदलली. द्रावणात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड मिसळले की क्षमता वाढते, हेही त्याला आढळले. आजच्या लिथियम बॅटरीशी याचा थेट संबंध नाही, पण योगायोग मोठा गमतीचा आहे. प्रयोगशाळेतल्या चाचणीवर तो आता विसंबला नाही. बॅटऱ्या गाड्यांत घालून खडबडीत रस्त्यांवरून धावडवल्या. 1909 मध्ये सुधारलेली बॅटरी तयार झाली. 1910 मध्ये या बॅटरीच्या मोटारींनी जागोजाग चार्ज करत हजार मैलांचा प्रवास करून दाखवला.

ही बॅटरी घेतलेल्या डेट्रॉइट इलेक्ट्रिक मोटारीने एका चाचणीत एकाच चार्जिंगवर 211 मैल, म्हणजे सुमारे 340 किलोमीटर, मजल मारली. रोजच्या वापरात मात्र तिचा पल्ला 80 मैलांच्या, म्हणजे सुमारे 130 किलोमीटरच्या आसपास असे. दोन्ही आकडे खरेच. कमाल वेगच ताशी 20 मैलांच्या आसपास असलेली ती मोटार होती. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. त्यात चढ, ओझे, कमी हवेची चाके, थांबत-निघत चालवणे आणि थंडी, यांचा खर्च निराळा. थंडीत तर एडिसनची बॅटरी फारच मंदावे. पल्ला वाढवण्याचे उपायही यातच आहेत. वेग बेताचा ठेवावा, चाकांत पुरेशी हवा असावी, नको ते ओझे उतरवावे, अचानक वेग वाढवणे आणि करकचून थांबणे टाळावे. आजच्या मोटारी तर उतारावर थोडी वीज परतही मिळवतात.

पण तोवर बाजार पुढे गेला होता. ज्या हेन्री फोर्डला 1896 मध्ये एडिसननेच पेट्रोल इंजिनासाठी उत्तेजन दिले होते, त्याची स्वस्त मॉडेल टी 1908 मध्ये आली. 1912 मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. 1914 मध्ये फोर्ड आणि एडिसन यांनी मिळून विजेची स्वस्त मोटार काढण्याचे ठरवले, पण ती बाजारात आलीच नाही. गंमत म्हणजे फोर्डची पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवीत असे.

एडिसनचे दहा वर्षांचे श्रम मात्र वाया गेले नाहीत. त्याची बॅटरी महाग होती, पण वर्षानुवर्षे टिके. घसाऱ्याचा हिशेब मांडणाऱ्याला ती परवडे. आगगाडीचे दिवे, सिग्नल, खाणकामगारांचे दिवे, मालवाहू गाड्या यांसाठी ती वापरली गेली आणि 1970 च्या दशकापर्यंत अमेरिकेत तयार होत राहिली. 18 ऑक्टोबर 1931 रोजी वेस्ट ऑरेंज येथे एडिसनचे निधन झाले. त्याच्या नावावर 1,093 अमेरिकन पेटंट होती.

आता मामांच्या मोटारीत बसलो की जाहिरातीतला आकडा मी मनात धरत नाही. तो आकडा उत्पन्नाच्या अंदाजासारखा आहे. खर्च रस्ता ठरवतो आणि चालवणारा ठरवतो. घाट चढायचा असेल तर थोडी शिल्लक ठेवूनच निघावे, हे एडिसनच्या चरित्राने मला शिकवले.