झाक कूस्तो : समुद्राने बदललेला माणूस



कॅरिबियन समुद्राच्या काठी बेलीझ नावाचा छोटासा देश आहे. त्याच्या किनाऱ्यापासून दूर, प्रवाळांच्या कड्यामध्ये पाण्याचं एक गडद निळं वर्तुळ दिसतं. हेच ते 'ग्रेट ब्लू होल'. सुमारे 300 मीटर रुंद आणि 120 मीटरपेक्षा खोल! 1971 साली झाक कूस्तो आपलं 'कॅलिप्सो' जहाज घेऊन इथे आले. आत उतरल्यावर चुनखडीचे लोंबते खांब दिसले. असे खांब थेंब थेंब पाणी टपकून कोरड्या गुहेतच तयार होतात. म्हणजे हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, तेव्हा इथे गुहा होती.

पण हा माणूस समुद्राकडे वळला कसा? कूस्तो यांचा जन्म 11 जून 1910 रोजी फ्रान्समध्ये झाला. नौदलात शिरून त्यांना वैमानिक व्हायचं होतं. पण मोटार अपघातात दोन्ही हात मोडले आणि ते स्वप्न संपलं. हातांत बळ यावं म्हणून ते समुद्रात पोहू लागले. 1936 मध्ये एका सहकाऱ्याने दिलेला पाण्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि पाण्याखालचं जग पाहून ते खुळावलेच!

सुरुवातीला दम रोखून बुडी मारायची, की लगेच वर यायचं. मग 1943 मध्ये एमिल गान्यां या अभियंत्याबरोबर त्यांनी एक झडप तयार केली. पाण्यात दर 10 मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. ही झडप श्वास घेतानाच, आणि भोवतालच्या दाबाइतकीच, हवा सोडते. मालवणला स्कूबा करताना मुलं तोंडात धरतात, त्या यंत्राचं मूळ हेच.

आता एक गोष्ट लपवू नका. त्यांच्या 1956 च्या 'द सायलेंट वर्ल्ड' चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळांजवळ डायनामाइट उडवलेलं दिसतं. शार्क मारलेलेही दिसतात. चित्रपटाला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक आणि ऑस्कर, दोन्ही मिळालं. तेव्हा समुद्र कधी संपेल असं फारसं कुणाला वाटतच नव्हतं.

वर्षानुवर्षं बुड्या मारताना कूस्तो यांना समुद्र उजाड होताना दिसला. 1960 मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याला त्यांनी उघड विरोध केला. 1973 मध्ये सागर रक्षणासाठी संस्था काढली. 25 जून 1997 रोजी त्यांचं निधन झालं, तोवर ते हेच काम करत राहिले.

वर्गात किंवा घरी ही गोष्ट सांगताना डायनामाइटचा भाग गाळावासा वाटेल. गाळू नका. थोर माणसं चुकतच नाहीत असं ऐकलं, की मुलं स्वतःची चूक लपवायला शिकतात. गोष्ट संपल्यावर एवढंच विचारा : कूस्तो यांना आपली चूक कशी कळली असेल? उत्तर मुलांनाच शोधू द्या.