इंजिनिअर होता होता राहिलेली बाई

माँटेसरी हा शब्द आपण बालवाड्यांच्या पाट्यांवर इतक्यांदा वाचलाय, की ते एका बाईचं आडनाव आहे हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. आणि मित्रांनो, त्याहून गंमत म्हणजे या बाईंना लहानपणी आपल्यासारखंच इंजिनिअर व्हायचं होतं!

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या कियाराव्हाले गावचा. वडील सरकारी नोकरीत, आई वाचनवेडी. पुढे कुटुंब रोमला आलं. मुलीने फार तर शिक्षिका व्हावं, असा तो काळ. पण मारियाने मुलांच्या टेक्निकल स्कूलमध्ये नाव घातलं. गणित आवडीचं होतंच. मग मात्र तिचं मन डॉक्टरकीकडे वळलं आणि इंजिनिअरिंगला एक विद्यार्थिनी मुकली. मुलामुलींनी एकत्र शवविच्छेदन करणं तेव्हा अशोभनीय समजलं जाई. त्यामुळे सगळे घरी गेल्यावर ती एकटी प्रेतांसोबत काम करायची. आपण सबमिशनच्या जागरणाचं कौतुक सांगतो, त्यापुढे हे बघा! १८९६ साली ती डॉक्टर झाली.

रोमच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करताना तिला वेड्यांच्या इस्पितळात जावं लागे. बुद्धीने मागे असलेली मुलं तिथे मोठ्या रुग्णांसोबत कोंडलेली असत. असं सांगतात, की जेवण झाल्यावर ही मुलं जमिनीवरचे पावाचे कण वेचत बसायची. तिथल्या बाईला तो हावरटपणा वाटे. मारियाने खोलीभर नजर फिरवली. हातात धरायला तिथे दुसरी एकही वस्तू नव्हती! मुलांची बोटं काम शोधत होती.

मग तिने इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ हाताने उतरवून इटालियनमध्ये आणले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी संस्था निघाली, तिची ती सहसंचालक झाली. दिवसभर मुलांना शिकवायचं, रात्री टिपणं काढायची. त्यातली काही मुलं वाचन-लेखनाच्या परीक्षेत इतर मुलांच्या बरोबरीने पास झाली. सगळे थक्क झाले. तिला मात्र वेगळाच प्रश्न पडला : मग धडधाकट मुलांच्या शाळा इतकी वर्षं करतायत तरी काय?

उत्तर शोधायची संधी ६ जानेवारी १९०७ ला आली. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आईबाप कामावर गेले की पोरं चाळीच्या भिंती खराब करत, म्हणून मालक कंपनीने त्यांच्यासाठी एक खोली दिली. मारियाने तिथे बालगृह सुरू केलं. एकदा तिने मुलांना रुमालाने, आवाज न करता नाक कसं शिंकरायचं ते करून दाखवलं. बस्स, एवढंच. मुलांनी चक्क टाळ्या वाजवल्या! शेंबडा म्हणून सगळेच ओरडतात, पण नाक पुसायचं कसं हे कुणी शिकवत नाही. त्या मुलांना पहिल्यांदाच कुणीतरी मान दिला होता.

दुसरा धडा शांततेचा. सगळ्यांनी निश्चल बसायचं. बाई शेजारच्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजत पुकारणार आणि ज्याचं नाव येईल त्याने पाय न वाजवता जायचं. शेवटच्या मुलाला किती वाट बघावी लागत असेल! पण मुलं थांबत.

प्रॉडक्शन शिकणाऱ्यांना पोका-योके माहीत असेल. कामगाराला बोल लावू नका, चूक होऊच शकणार नाही किंवा लगेच दिसेल अशी रचना करा. माँटेसरीबाईंनी हे जपान्यांच्या कितीतरी आधी केलं. ठोकळ्यातला दट्ट्या चुकीच्या भोकात घातला की शेवटी एक उरतोच, चूक मुलाला स्वतःला कळते. प्रत्येक साधन वर्गात एकच. दुसऱ्याचं झाल्याशिवाय मिळणार नाही, म्हणजे थांबणं आपोआप आलं. त्यावर भाषण नाही.

हे मी एवढं का लिहितेय? माझ्या मावशीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. त्याच्या आधीच्या शाळेत शेअरिंगचा तास असायचा. बाई फळ्यावर चांगल्या सवयी लिहायच्या, मुलं एकसुरात म्हणायची. याला त्यातलं काही पोचायचं नाही. नंबर यायच्या आत तो खेळणं ओढायचा, म्हणून वर्षाच्या मध्येच त्याला घरी बसवलं. आता मावशीने भिंतीवर चित्रं लावलीत : आधी ताई, मग दादा, मग तू. आपलं चित्र बघत तो थांबतो. धडा तोच, फक्त त्याच्यापर्यंत जाणारी वाट बदलली. कुजबुज ऐकू न येणाऱ्या मुलाला शांततेच्या खेळात हाताच्या खुणेने बोलवता येईलच ना?

बाईंचं स्वतःचं आयुष्य मात्र इतकं सरळ नव्हतं. १८९८ मध्ये, लग्नाशिवाय, त्यांना मुलगा झाला : मारिओ. तेव्हाच्या समाजात हे उघड झालं असतं तर काम संपलं असतं. बाळ खेड्यातल्या एका कुटुंबात वाढलं. आई भेटायला जायची, पण आई म्हणून नाही. मोठा झाल्यावर तो त्यांच्याकडे आला, तरी जगासाठी पुतण्या किंवा मानलेला मुलगाच राहिला. जगाच्या मुलांच्या भावना समजून घेणाऱ्या बाईला हे किती जड गेलं असेल!

मुसोलिनीचा पाठिंबा त्यांनी आधी घेतला होता, पण पुढे पटेना आणि इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. १९३९ ला त्या मारिओसह मद्रासला अड्यारला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रजांनी मारिओला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून कैदेत टाकलं. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला व्हाइसरॉयची तार आली : भेट म्हणून तुमचा मुलगा परत पाठवतोय. सरकारी कागदाने त्याला मुलगा म्हटलं होतं, बेचाळीस वर्षांनी! ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्या वारल्या.

आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हीच पद्धत आदिवासी मुलांसाठी वळवून घेतली. महागड्या साधनांऐवजी गावातल्या वस्तू आणल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली.

आपण उद्या मशीन्स डिझाइन करू, सॉफ्टवेअर लिहू. फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय शोधताना एखाद्या विशेष मुलांच्या शाळेत जाऊन तर बघा. त्यांना तिथे काय हवंय ते विचारा. माझा विषय तर ठरलाय : भिंतीवरच्या त्या चित्रांसाठी, आपला नंबर आला की दिवा लागणारी पाटी. पहिली ट्रायल मावशीकडेच!